बारा जानेवारीची चार नावे

येरवडा हे नाव पुणेकरांच्या कानाला नवे नाही. नदीपलीकडचे ते दगडी कारागृह १८७१ साली उभे राहिले आणि तेव्हापासून आपल्या देशाच्या इतिहासातील कितीतरी प्रसंग त्याच्या भिंतींनी पाहिले. चाफेकर बंधूंना १८९८ व १८९९ साली तेथेच फासावर चढविण्यात आले. महात्मा गांधींनी १९३२ साली तेथेच उपोषण आरंभिले आणि त्यातून पुणे करार जन्मास आला. हे सारे शाळेच्या पुस्तकात आहे. परंतु याच भिंतींच्या आड १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या चार माणसांना फाशी देण्यात आली, ही गोष्ट पुण्यातील फार थोड्यांच्या ध्यानात आहे. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ भगवान शिंदे आणि श्रीकिसन सारडा अशी त्यांची नावे. या चौघांपैकी कोणी राजा नव्हता, सेनापती नव्हता, की देशभर गाजलेला पुढारी नव्हता. एका गिरणगावातील ही साधीसुधी माणसे होती.

त्यांच्याविषयी या त्रैमासिकात लिहिण्याचे कारण काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. चौघांत एकही ख्रिस्ती नव्हता. ज्या घटनेपायी त्यांचे प्राण गेले ती घटनाही राजकीय होती. या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुढे देणारच आहोत. परंतु उत्तरापूर्वी हकीकत सांगणे उचित होईल. कारण ज्याची हकीकत ठाऊक नाही त्याचे स्मरण करता येत नाही.

सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी उभी राहिली. तिला सोलापूरकर आजही ‘जुनी गिरणी’ म्हणतात. तिच्यामागून इतर गिरण्या आल्या आणि कामाच्या शोधात चारी दिशांनी माणसे आली. मराठवाड्यातील दुष्काळी गावांतून मराठी माणूस आला, तेलंगणातून पद्मशाली विणकर आला. कानडी बोलणारा लिंगायत व्यापारी तर तेथे आधीपासूनच होता. उर्दू बोलणारा मुसलमान आणि मारवाडी दुकानदार एकाच पेठेत राहू लागले. एकाच माणसाने सकाळी मराठीत, दुपारी कानडीत आणि सायंकाळी तेलुगूत व्यवहार करावा, असे ते शहर. १९३० साली देशात मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा या शहराने त्यास भरभरून साथ दिली. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात तेथील नगरपालिकेवर तिरंगी निशाण फडकले. एखाद्या नगरपालिकेने असे धाडस करावे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

५ मे १९३० रोजी पहाटेपूर्वी गांधीजींना अटक झाली व त्यांना येरवड्यास आणण्यात आले. सोलापुरात हरताळ पडला, गिरण्या बंद झाल्या आणि कामगार रस्त्यावर आले. दारूबंदी हा सत्याग्रहाचाच एक भाग असल्याने ८ मे रोजी लोक शिंदीची झाडे तोडावयास निघाले. पोलिसांनी काहींना पकडले, जमावाने त्यांच्या सुटकेची मागणी केली, दोन्ही बाजूंचा संयम सुटला आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्या गोळीबारात बळी पडला. माणसे मेल्याची वार्ता पेठापेठांत पसरली तेव्हा जमावाच्या रागाला धरबंद राहिला नाही. मंगळवार पेठेची पोलीस चौकी पेटविण्यात आली, न्यायालयाची इमारत जाळण्यात आली आणि पोलीस शिपाई मारले गेले.

यापुढचे तीन-चार दिवस सोलापुरात सरकार असे उरले नाही. पोलीस शहरातून निघून गेले आणि गोऱ्या कुटुंबांना सुरक्षित ठिकाणी हलविण्यात आले. काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यांवरील रहदारी व शहराचा बंदोबस्त आपल्या हाती घेतला. सोलापूरकर आजही अभिमानाने सांगतात की, १९४७ च्या आधी आम्ही चार दिवस स्वातंत्र्य उपभोगले. १२ मे रोजी लष्कर आले आणि लष्करी कायदा जारी झाला. ‘मार्शल लॉ’ हा इंग्रजी शब्द तेव्हापासून सोलापूरच्या बोलीतच जाऊन बसला. ३० जूनपर्यंत तो अंमल चालला. गांधी टोपी डोक्यावर असणे हा गुन्हा ठरला, निशाण हाती धरणे हा तर त्याहून मोठा गुन्हा. नगरपालिकेवरचा तिरंगा उतरविण्यात आला. साध्या साध्या कारणांसाठी माणसांना सक्तमजुरीच्या जबर शिक्षा ठोठावण्यात आल्या.

अशा वातावरणात पोलिसांच्या हत्येबद्दल खटला उभा राहिला व अखेरीस चौघांना मृत्युदंड झाला. मल्लप्पा धनशेट्टी हे लिंगायत समाजातील काँग्रेस कार्यकर्ते. जगन्नाथ शिंदे तरुणांच्या चळवळीत पुढे असणारा मराठा तरुण. श्रीकिसन सारडा मारवाडी समाजातील. कुर्बान हुसेन तर ऐन विशीतला. गिरणी कामगारांत वावरणारा आणि ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालविणारा. जमावाच्या हातून घडलेल्या कृत्याबद्दल लोकांच्या डोळ्यांसमोर असणारी चार माणसे निवडून त्यांना फासावर दिले, अशी सोलापूरच्या लोकांची भावना तेव्हाही होती आणि आजही आहे. चौघे चार समाजांतले, परंतु दोर एकच.

१२ जानेवारी १९३१ हा दिवस कसा होता पाहा. लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद संपत आली होती. तेथे हिंदुस्थानच्या भवितव्याविषयी मोठमोठी भाषणे होत होती आणि आठवडाभरातच, १९ जानेवारी रोजी, तिचा समारोप झाला. गांधीजी त्या दिवशी येरवड्याच्या तुरुंगातच होते. ज्याच्या अटकेवरून सोलापूर पेटले तो महात्मा आणि त्या आगीपायी फाशी गेलेले चौघे एकाच कारागृहात होते. दोन आठवड्यांनी, २६ जानेवारी रोजी, गांधीजींची सुटका झाली. ५ मार्च रोजी गांधी-आयर्विन करार झाला आणि सत्याग्रहाचे हजारो कैदी घरोघर परतले. सोलापूरच्या चार घरी मात्र कोणी परतावयाचे नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. त्या मे महिन्यात मारले गेलेले पोलीस शिपाई हेही सामान्य लोकच होते. पोटासाठी सरकारची चाकरी करणारे, आपल्याच मातीतले, आपलीच भाषा बोलणारे. गोळीबाराचा हुकूम वरून आला. संतापाचा आघात मात्र या शिपायांवर झाला. त्यांनाही आईबाप असतील, बायकामुले असतील. हुतात्म्यांचे स्मरण करताना या शिपायांना विसरणे ख्रिस्ती माणसाला शोभणार नाही. जमावाचा क्रोध समजून घेता येतो. परंतु जळत्या चौकीत गेलेला जीव हा परमेश्वराच्याच प्रतिमेचा होता, हे त्यामुळे बदलत नाही. ज्याच्या वेदीपाशी आपण शत्रूसाठीही प्रार्थना करावयास शिकलो, त्या प्रभूपुढे मृतांची वाटणी करता येत नाही.

आता शासनाकडे वळू. एखादे शहर हाताबाहेर जाते तेव्हा राज्यकर्त्यांना एकच चिंता लागते : पुन्हा कोणाची हिंमत होऊ नये. हजारोंच्या जमावातील प्रत्येकाला शिक्षा करणे शक्य नसते. म्हणून काहींना निवडून त्यांच्या मरणातून उरलेल्यांना धडा दिला जातो. हा विचार फार जुना आहे. योहानकृत शुभवर्तमानात प्रमुख याजक कय्यफा हाच हिशोब मांडतो. सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा लोकांसाठी एका माणसाने मरावे हे सोयीचे आहे, असा त्याचा सल्ला होता. राज्यकारभाराच्या दृष्टीने तो सल्ला शहाणपणाचा वाटतो. ज्याच्या बाबतीत तो अमलात आणला गेला तो मनुष्य कोण होता, हे आपण जाणतो.

त्याच शुभवर्तमानांत आणखी एक माणूस आहे, ज्याच्याकडे प्रवचनांतून आपले फारसे लक्ष जात नाही. त्याचे नाव बरब्बा. लूक सांगतो की, शहरात झालेल्या बंडाबद्दल आणि खुनाबद्दल तो तुरुंगात पडला होता. सोलापूरच्या चौघांवरचा आरोप आठवून पाहा. शब्दही फारसे बदलावे लागणार नाहीत. प्रभू येशूला ज्या क्रुसावर खिळले, तो क्रूस रोमन सत्ता अशाच लोकांसाठी राखून ठेवीत असे. प्रभूच्या डोक्यावर लावलेला आरोपपत्रकाचा फलकही राजकीयच होता. त्यावर ‘यहुद्यांचा राजा’ असे लिहिले होते. दर रविवारी श्रद्धाप्रकटन करताना आपण एका रोमन सुभेदाराचे नाव उच्चारतो. आपले तारण हे कोणत्या तरी ढगातील स्वप्न नसून एका विशिष्ट राजवटीत, एका विशिष्ट अधिकाऱ्याच्या सहीने झालेल्या मृत्युदंडाशी जोडलेले आहे, याची ती आठवण होय. तेव्हा फाशी गेलेल्या सामान्य माणसांचा विषय आपला नाही असे म्हणावयास आपल्याला जागाच उरत नाही.

राजकारणाशी आपला संबंध नव्हता, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. १७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध एक कट उघडकीस आला. इतिहासात तो ‘पिंटोंचा कट’ म्हणून प्रसिद्ध आहे. एतद्देशीय धर्मगुरूंना मोठ्या पदांपासून दूर ठेवले जाते, हे त्यामागील एक कारण होते आणि कटाच्या अग्रभागी धर्मगुरूच होते. सत्तेचाळीस जणांना अटक झाली. त्यांत सतरा धर्मगुरू होते. १३ डिसेंबर १७८८ रोजी पणजीत पंधरा जणांना अत्यंत क्रूरपणे देहान्त शासन देण्यात आले. धर्मगुरूंना मात्र फाशी झाली नाही. त्यांना लिस्बनला नेऊन खटल्याविना वर्षानुवर्षे किल्ल्यात डांबून ठेवले. त्यांचेही हाल झाले, यात शंका नाही. परंतु झग्याने मान वाचविली आणि झगा नसलेल्यांची मान गेली. आज त्या कटाची हकीकत सांगताना धर्मगुरूंची नावे सांगितली जातात. पंधरा जणांचा उल्लेख बहुधा ‘पंधरा’ या आकड्यानेच होतो. आम्ही स्वतः झगा धारण करणारे असल्याने हा आकडा आम्हांस विशेष बोचतो. या घटनेनंतर चारच वर्षांनी, १७९२ साली, पेशव्यांच्या लष्करातील डॉम मिगेल दी नोरोन्हा यांच्या खटपटीने आणि सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जमिनीवर पुण्याचे पहिले कॅथलिक चर्च उभे राहिले. आपण ज्याला सिटी चर्च म्हणतो तेच हे. पुण्याच्या ख्रिस्ती समाजाची पहिली पिढी ही त्या पणजीच्या वधस्तंभाची समकालीन होय.

सामान्यांचे मरण आकड्यात बुडून जाऊ नये यासाठी काय करता येते, याचा एक धडा फ्रान्समध्ये पाहावयास मिळतो. तेथे १७८९ साली राज्यक्रांती झाली. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तिने जगाला दिलेली शिकवण आपल्या राज्यघटनेनेही स्वीकारली आहे. तथापि त्याच क्रांतीच्या पोटी १७९३-९४ मध्ये दहशतीचा काळ आला. न्यायालयांच्या निकालाने सुमारे सतरा हजार लोकांचा शिरच्छेद वा वध झाला. हे सारे उमराव असावेत असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यांतील बहुसंख्य लोक शेतकरी, कारागीर, मजूर, नोकरचाकर अशांपैकी होते. १४ जून ते २७ जुलै १७९४ या सहा आठवड्यांत पॅरिसमधील एकाच चौकात १,३०६ माणसे मारली गेली. त्यांची प्रेते रात्री गाड्यांत घालून पिकप्यू नावाच्या जागी दोन मोठ्या खड्ड्यांत टाकण्यात आली. पुढे मृतांच्या नातलगांनी ती जागा मिळविली. तेथे प्रार्थनामंदिर उभे राहिले आणि धर्मभगिनींनी त्या सर्वांसाठी अखंड प्रार्थना आरंभिली. त्या मंदिराच्या भिंतींवर संगमरवरी फलकांवर १,३०६ नावे कोरलेली आहेत. नावापुढे वय आणि व्यवसाय. सरदाराच्या नावाशेजारी शिवणकाम करणारीचे नाव, सेनापतीच्या नावाखाली गाडीवानाचे. मरणाने त्यांना एकाच खड्ड्यात टाकले होते. प्रार्थनेने प्रत्येकाला त्याचे नाव परत दिले.

त्याच खड्ड्यांत कोंपियेनच्या सोळा कार्मेलाइट स्त्रियांचे देह आहेत. १७ जुलै १७९४ रोजी त्या वधस्तंभाकडे गात गात गेल्या. त्यांतील दोघी सख्ख्या बहिणी मठाच्या व्रतस्थ भगिनीही नव्हत्या. मठाची बाहेरची कामे करणाऱ्या त्या सेविका होत्या. पोप फ्रान्सिस यांनी १८ डिसेंबर २०२४ रोजी या सोळाही जणींना संतपद दिले. मठातील प्रमुख आणि दारावरची सेविका यांत ख्रिस्तसभेने भेद केला नाही. पण आम्हांस विशेष वाटते ते हे की, या सोळा संतांच्या शेजारी जे जवळजवळ तेराशे लोक पडले आहेत, त्यांतील अनेकांची श्रद्धा कशी होती, ते निष्पाप होते की नव्हते, हे परमेश्वराशिवाय कोणास ठाऊक? तरीही प्रार्थना सगळ्यांसाठी होते.

श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्याला आपण ‘रक्तसाक्षी’ म्हणतो. सोलापूरचे चौघे या अर्थाने रक्तसाक्षी नव्हते आणि त्यांना तसे म्हणणे हे त्यांच्या स्वतःच्या धर्मांचाही अनादर करणे होईल. देशाने त्यांना ‘हुतात्मा’ म्हटले आहे आणि तो शब्द पुरेसा आहे. परंतु ख्रिस्तसभेची प्रार्थना संतांपुरती मर्यादित नाही. मिस्साबलिदानात आपण केवळ ख्रिस्तात मरण पावलेल्यांची आठवण करीत नाही. ज्यांची श्रद्धा परमेश्वर एकटाच जाणतो त्या सर्व मृतांचीही करतो. त्या एका वाक्यात धनशेट्टी येतात, कुर्बान हुसेन येतात, मंगळवार पेठेचे शिपाई येतात, शंकर शिवदारेही येतात.

मृत्युदंडाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण कशी प्रगल्भ होत गेली, तेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. पोपमहोदयांच्या स्वतःच्या राज्यात १८७० पर्यंत फाशी दिली जात होती. व्हॅटिकनच्या कायद्यातून मृत्युदंड १९६९ साली, पोप पॉल सहावे यांच्या कारकिर्दीत वगळण्यात आला. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या आदेशाने कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात बदल झाला. मृत्युदंड हा मानवी प्रतिष्ठेवर आघात असल्याने तो स्वीकारार्ह नाही, अशी शिकवण आता दिली जाते. गुन्हेगाराने केलेल्या अपराधाने त्याची प्रतिष्ठा नष्ट होत नाही, हा त्यामागील विचार. चौघे निर्दोष होते असे सोलापूर मानते, म्हणून त्यांची फाशी अन्यायाची होतीच. परंतु या शिकवणीच्या प्रकाशात पाहिले तर ते दोषी असते तरीही येरवड्याच्या त्या सकाळचे समर्थन करता आले नसते. आपल्या देशाच्या कायद्यात मृत्युदंड अजून आहे आणि एखादा भयंकर गुन्हा घडला की ‘फाशी द्या’ ही मागणी रस्त्यावर ऐकू येते, आपल्या घरांतूनही ऐकू येते. त्या वेळी प्रत्येक कुटुंबाने आपल्या मुलांशी या शिकवणीविषयी बोलावे.

सोलापूर आपल्या हुतात्म्यांना विसरलेले नाही. तेथे मध्यवर्ती चौकात चौघांचे पुतळे उभे आहेत आणि दर वर्षी १२ जानेवारीला तेथे लोक जमतात. पुणे व सोलापूर यांच्यामध्ये रोज धावणाऱ्या आगगाडीचे नाव ‘हुतात्मा एक्सप्रेस’ आहे. पुण्यातील आपले कितीतरी लोक तिने प्रवास करतात. सोलापूर हे आपल्या पुणे धर्मप्रांतातीलच शहर. तेथे आपले धर्मबांधव आहेत, नातीगोती आहेत. मरण मात्र सोलापूरच्या वाट्याला पुण्यात आले. ज्या शहरात माणसाचा प्राण जातो त्या शहरावरही त्याच्या स्मरणाचे काही ऋण असते.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांच्या नावांची यादी वेदीजवळ ठेवतो. आजी-आजोबांची, आईवडिलांची, अकाली गेलेल्या लेकरांची नावे आपण चिठ्ठीवर लिहून देतो. या वर्षी एखाद्या कुटुंबाने आपल्या यादीच्या शेवटी ही चार नावेही लिहावीत, आणि त्यांच्याखाली ‘मंगळवार पेठ चौकीतील शिपाई’ असे लिहावे. १२ जानेवारीला धर्मग्रामातील तरुणांनी शक्य झाल्यास सोलापूरला जाऊन त्या चौकात पुष्पांजली वाहावी. ते न जमल्यास सायंकाळच्या जपमाळेतील एक दशक त्यांच्यासाठी म्हणावे. मुले विचारतील, हे कोण? तेव्हा त्यांना सोलापूरच्या गिरण्यांची, शिंदीच्या झाडांची, चार दिवसांच्या स्वातंत्र्याची आणि येरवड्याच्या त्या दिवसाची हकीकत सांगावी. बरब्बाचीही सांगावी.